दोन गाठींची पेटी

एदमे कालामला एका जागी बसणं जमत नसे. रविवारी चर्चमध्ये ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची, आणि प्रवचन लांबलं की तिचे पाय बाकाखाली आपोआप चालू लागायचे. ला कॉम्ब गावातले लोक थट्टेनं म्हणत, ही गेली की आधी हिचे पाय बांधा, नाहीतर स्मशानातून उठून वरच्या आळीला निघेल. पण पायांना तरी काय दोष द्यायचा? नवरा गेल्यावर त्याचं काम तिच्याकडे आलं होतं, आणि एकोणीस वर्षं ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाठीवर वेताची टोपली बांधून डोंगर चढत-उतरत होती.

त्या काळी आमच्या खोऱ्यात एक घड्याळ तेवीस घरांतून फिरून तयार होई. कुणी चक्रांना दात पाडी, कुणी माणकाचे कणाएवढे खडे बसवी, कुणी केसाहून बारीक स्प्रिंग वळवी. घर कुठलंही असो, खिडकीखाली टेबल असायचं आणि टेबलावर बारा खणांची एक चपटी पेटी. प्रत्येक खणात एक अर्धवट घड्याळ. आपलं काम झालं की चिठ्ठीवर आद्याक्षरं आणि तारीख टाकायची, पेटीला सुतळी बांधायची, आणि एदमेची वाट पाहायची. या घरची पेटी त्या घरी नेणारी फक्त ती. बाकीच्यांना आपल्या मागचं घर आणि पुढचं घर, एवढंच ठाऊक.

सगळ्या पेट्या निघायच्या खाली स्टेशनाजवळच्या मोंद्रो कंपनीतून, आणि फिरून शेवटी तिथंच यायच्या. मोंद्रोची चार मजली इमारत खोऱ्यात कुठूनही दिसे. तिचा भोंगा सकाळी सातला व्हायचा, आणि गंमत अशी की अख्खा गाव घड्याळं करणारा, पण आपलं घड्याळ लावायचा मोंद्रोच्या भोंग्यावर. ज्या वर्षी कंपनीनं पेट्या कमी दिल्या त्या वर्षी बेकरीवाल्यानं लोण्याचा गोड पाव करणं बंद केलं, शाळेत एक मास्तर कमी झाला, आणि नाताळच्या बँडमध्ये कर्णे वाजवायला दोन माणसं उरली नाहीत. पेटीला हात न लावणाऱ्या माणसाचं ताटही त्या पेटीवरच होतं.

एकोणीसशे बासष्ट सालच्या शरदात म्हाताऱ्या मोंद्रोसाहेबांचा पुतण्या तिएरी झुरिचहून शिकून आला आणि कारभार पाहू लागला. तिशीचा, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारा. त्यानं पहिल्याच महिन्यात एदमेला वरच्या मजल्यावर बोलावलं. एकोणीस वर्षांत तिनं त्या इमारतीचा मागचा दरवाजा आणि पेट्यांचं कपाट याच्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. तिएरीनं तिला खुर्ची दिली, स्वतः कॉफी ओतली. ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"एक कबूल करू का, मादाम कालाम?" तो म्हणाला. "या इमारतीत अडीचशे माणसं आहेत आणि घड्याळ कसं होतं ते एकालाही ठाऊक नाही."

"असं कसं? तुमच्या काकांना ठाऊक आहे."

"काकांना पेटी जाते ते ठाऊक आहे आणि पेटी येते ते ठाऊक आहे. मधे काय होतं म्हणून विचारलं तर म्हणतात, देवाची कृपा."

एदमेला हसू आलं. तिएरीनं टेबलावर एक मोठा कोरा कागद पसरला. तो म्हणाला की इथं सगळे समजतात, मोंद्रो आहे म्हणून खोरं जगतं. त्याला वाटत होतं की उलटंही तेवढंच खरं असेल. शेवटी कंपनी काय करते, तर तबकडीवर आपलं नाव घालते. पण कोण कुणावर टेकून उभा आहे ते कागदावर दिसल्याशिवाय त्याला काही सांभाळता येणार नव्हतं. आणि ते सगळं एकाच माणसाच्या पायांना माहीत होतं.

तोवर तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. घरोघरी लोक तिला विचारत, रस्ता निसरडा आहे का, अमकीच्या घरी काय शिजतंय. तुला काय काय माहीत आहे, असं कुणी विचारलं नव्हतं. ती कागद गुंडाळून घरी घेऊन आली, आणि पुढचे चार रविवार स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओणवी होऊन उभ्यानंच तो भरत राहिली. प्रत्येक घराला एक गोल. गोलातून गोलाकडे रेघ. रेघेवर किती दिवस ते. काढता काढता तिलाच नवल वाटलं. खडे बसवणारा आर्नोल आजारी पडला की सात घरं रिकामी बसतात, हे ती जाणत होती, पण आता ते डोळ्यांना दिसत होतं. माशाच्या जाळ्यासारखं सगळं खोरं त्या कागदावर पसरलं, आणि शेवटच्या गोलातून एक रेघ खाली स्टेशनाकडे गेली.

तो शेवटचा गोल झेलिम पेरेचा.

तिएरीनं नकाशा पाहिला. मग त्यानं एकेका गोलावर बोट ठेवत प्रश्न विचारले. झेलिमवर बोट थांबलं. चिठ्ठीवर झेलिमचं काम लिहिलेलं होतं, तेल देणे. सुईच्या टोकानं प्रत्येक घड्याळात चार थेंब.

"बारा घड्याळांना तेल द्यायला किती वेळ लागतो?"

"तासभर."

"मग पेटी तिथं दोन दिवस का असते?"

या प्रश्नाचं उत्तर एदमेला माहीत होतं. खोऱ्यात ते पूर्णपणे फक्त दोघांना माहीत होतं, तिला आणि झेलिमला. फार वर्षांपूर्वी, वाईट दिवसांत, झेलिमच्या थोरल्या भावाकडून खड्यांची एक अख्खी पेटी बिघडली. ती तशीच खाली गेली. मोंद्रोनं त्याच्याकडे पेट्या पाठवणं थांबवलं, आणि वर्षभरात तो बायकापोरांसह बोटीनं आर्जेंटिनाला गेला. तिथून एक पोस्टकार्ड आलं, त्यानंतर काही नाही. तेव्हापासून झेलिम आपल्याकडे आलेलं प्रत्येक घड्याळ तेल देण्याआधी भिंगाखाली धरी आणि मागच्या कुणाचं काही चुकलं असेल तर दुरुस्त करी. चिठ्ठीवर त्याची नोंद नाही, कुणाजवळ शब्द नाही. कुणाला आपल्याच कामाची शंका आली, हात कापला, डोळा चुकला असं वाटलं, तर तो माणूस सुतळीला एका गाठीऐवजी दोन गाठी मारी. एदमे विचारत नसे, अशी पेटी पुढच्या घराआधी ती झेलिमकडे नेई. झेलिम दोन गाठींची पेटी आधी उघडी, आणि काम झालं की एक गाठ मारून पुढच्या वाटेला लावी. दोन गाठी मारणाऱ्या प्रत्येकाला वाटे, ही लाज आपली एकट्याचीच. आज स्प्रिंग वळवणारी नेली, उद्या आर्नोल, परवा आणखी कुणी, सगळेच मारतात, हे पेट्या वाहणारीलाच कळणार.

खाली कुणाची चूक जाऊ द्यायची नाही, हा आमचा धर्म. तो एदमेनं त्या खुर्चीच्या कडेवर बसून पाळला.

"म्हातारा माणूस आहे," ती म्हणाली. "सावकाश करतो."

तिएरीनं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. जिना उतरताना एदमेला वाटलं, आपण झेलिमकाकाला सांभाळून घेतलं. पण तिच्या पायांना तसं वाटत नव्हतं. घरी जायच्या ऐवजी ते तिला नदीकाठानं भलतीकडेच घेऊन गेले, आणि अंधार पडायच्या आत परत यायला तिला पळत यावं लागलं.

जानेवारीत पत्र आलं. ते टपालानं नाही, एदमेच्याच टोपलीतून गेलं, पेट्यांच्या बरोबर. यापुढे तेल देण्याचं काम कंपनीच्या इमारतीत होईल, मिस्यू पेरे यांच्या पन्नास वर्षांच्या सेवेबद्दल कंपनी कृतज्ञ आहे, असं छान अक्षरात. झेलिमनं ते खिडकीशी नेऊन वाचलं, घडी घातली आणि भिंगाच्या डबीखाली ठेवलं.

"दोन दिवस वाचतील त्यांचे," तो म्हणाला. "कॉफी घेशील ना, पोरी?"

तिनं कॉफी उभ्यानं घेतली. नकाशाबद्दल तिला सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि बीझ फार सुटलीय हो, असं म्हणून ती निघाली. उत्तरेकडचा तो वारा त्या दिवशी सुटलेलाच नव्हता.

त्यानंतरच्या शुक्रवारी तिनं पहिल्यांदा पेट्या नेलीच्या घरून थेट स्टेशनाकडे नेल्या. तळमजल्यावर नवीन खोलीत पांढरे डगले घातलेल्या चार मुली बसल्या होत्या. हुशार, हसऱ्या, हात स्थिर. त्यातल्या एकीनं एदमेच्या हातून पेटी घेतली. नेलीची होती ती, दोन गाठींची. मुलीनं गाठी सोडवल्या नाहीत. कात्रीनं सुतळी कापली आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली. बाकीच्या पेट्यांच्याही तशाच कापल्या, टोपलीत सुतळ्यांचा ढीग झाला, आणि त्यात किती दोन गाठी होत्या ते एदमेला मोजावंसं वाटेना.

त्या त्रेसष्टच्या हिवाळ्याची आमच्याकडचे लोक अजून आठवण काढतात. तळी गोठली, चिमण्या कौलांखाली मरून पडल्या. एदमे टोपली घसरगाडीवर बांधून फिरत होती, आणि तिला सारखं वाटायचं, काहीतरी विसरलं. वळणाशी थांबून ती पेट्या मोजायची. पेट्या बरोबर असायच्या. मग ध्यानात आलं, झेलिमच्या घराकडे वळायची पायांना सवय होती, ते आता तिकडे वळत नव्हते. लोकांचे बोथट चिमटेही तिच्याच टोपलीतून झेलिमकडे जात आणि धार लावून परत येत, हे तिनं नकाशावर काढलंच नव्हतं. त्याची चिठ्ठी नव्हती, म्हणून रेघ नव्हती. फेब्रुवारीत आर्नोलनं आपला चिमटा खिडकीबाहेर बर्फात फेकला आणि म्हणाला, याच्यानं खडा उचलण्यापेक्षा नांगरानं उचलीन.

मार्चमध्ये घड्याळं परत येऊ लागली. आधी एक-दोन, मग डबेच्या डबे. कुठलं थांबत होतं, कुठलं दिवसाला दहा मिनिटं पळत होतं. पांढऱ्या डगल्यांच्या मुलींचा दोष नव्हता. त्यांचं तेल अगदी चोख होतं. एका मोठ्या गिऱ्हाइकानं पुढची मागणी थांबवली. तिएरीचे डोळे आत गेले. त्यानं एदमेला परत बोलावलं, नकाशा भिंतीवर टांगलेला होता. या वेळी कॉफी नव्हती.

त्याला चूक कुठल्या घरात होते ते हवं होतं. तेवीस घरांतलं एक की पाच, एवढंच तिनं सांगावं. नाहीतर त्याच्यापुढे एकच रस्ता होता: इमारतीमागच्या मोकळ्या जागेत मोठी खोली बांधायची, वरच्या आळीतले उत्तम हात असलेले नऊजण आत घ्यायचे, आणि पेट्या फिरवणं बंद करायचं. काकांनी होकार दिला होता. महिनाअखेरीला तो सही करणार होता.

"आणि बाकीचे चौदा?" एदमेनं विचारलं.

"मला हे करायचं नाहीये, मादाम. पण मला जे दिसत नाही ते मी सांभाळू कसं?"

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. तो लबाड असता तर तिला त्याचा राग करता आला असता. उरला होता फक्त तिचा स्वतःचा राग. म्हातारा माणूस आहे, सावकाश करतो. तीन महिन्यांपूर्वीची ती दोन वाक्यं तिच्या मागे मांजरासारखी फिरत होती.

त्या संध्याकाळी ती झेलिमकडे गेली. रिकाम्या टोपलीनं त्याच्या दारात उभी राहायची तिची ती पहिली वेळ. तो टेबलाशीच होता, समोर भिंतीवरचं घड्याळ उघडून बसलेला. ते त्यानं हिवाळ्यात नऊ वेळा उघडून साफ केलं होतं आणि दहाव्या वेळी उघडलं होतं. एदमेनं नकाशाचं सांगितलं, मग तिएरीचा प्रश्न, मग आपलं उत्तर. झेलिमनं एक स्क्रू डबीत ठेवला.

"खरंच सांगितलंस की. मी सावकाशच करतो."

"काका, थट्टा नको. त्याला सगळं सांगितलं तर घरंच्या घरं बुडतात. नाही सांगितलं तरी बुडतात."

"नावं सांगू नकोस."

"नावं प्रत्येक पेटीवर आहेत. चिठ्ठी वाचता येते त्याला."

झेलिम आपल्या बोटांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, भावाच्या पेटीवर त्या दिवशी दोन गाठी असत्या तर, पण तेव्हा तसं काही नव्हतंच. एवढं म्हणून त्यानं स्क्रू परत उचलला.

दुसऱ्या दिवशी ती नेली द्रोकडे गेली. नेली तिच्या वर्गातली, दोघींनी एका बाकावर बसून मार खाल्लेला. नेली स्प्रिंग वळवायची. तिच्यासारखी स्प्रिंग खोऱ्यात कुणी वळवत नसे. पण वर्षभरापासून तिच्या पेटीला दर वेळी दोन गाठी असायच्या, आणि आताशा ती कॉफी ओतायची ती कपाच्या कडेला किटलीचं तोंड टेकवून. एदमेनं आयुष्यात पहिल्यांदा ते तोंडानं विचारलं. नेली, मी कुणाचं नाव न घेता दोन गाठींचं तिएरीला सांगितलं तर चालेल का तुला?

नेलीनं किटली खाली ठेवली.

"कसल्या दोन गाठी?"

"अगं, मला ठाऊक आहे. आणि तू एकटी नाहीस. सगळेच..."

"मी गाठ मारते. एक. सुटू नये म्हणून घट्ट मारते. तुला ओझी वाहायला ठेवलंय, एदमे, गाठी मोजायला नाही."

"रागावू नकोस."

"मी कुठं रागावलेय? शुक्रवारी ये. पेटी तयार असेल."

दार लागलं. शाळेपासूनच्या ओळखीत नेलीनं तिला पाव न देता कधी बाहेर काढलं नव्हतं. एदमे वाटेवर उभी राहिली. वरच्या आळीला जावं की खाली, तेही तिला ठरवता येईना. बर्फ वितळायला लागलं होतं आणि पाणी सगळीकडून वाट काढत होतं.

शुक्रवारी तिनं सगळ्या पेट्या गोळा केल्या. पाच पेट्यांना दोन गाठी होत्या. लाकूडतोड्यांच्या पडवीत थांबून तिनं त्यातली एक निवडली, न पाहता, पाठीमागे हात घालून, ज्या हातानं लहानपणी पत्ते ओढायची त्या हातानं. मग पेटीवरची चिठ्ठी काढली. चिठ्ठी पेटीपासून वेगळी करायची नाही, हा तिच्या कामातला पहिला नियम, नवऱ्यानं तिला शिकवलेला पहिला आणि शेवटचा. चिठ्ठीशिवाय पेटी म्हणजे आईबापाचं नाव नसलेलं मूल. तिनं चिठ्ठी मिटून झग्याच्या खिशात घातली, आणि टोपली कंपनीच्या कपाटाशी उतरवून ती एकच पेटी हातात धरून सरळ वरच्या मजल्यावर गेली.

"चला," ती तिएरीला म्हणाली. "चांगले बूट घाला."

तो बैठकीत होता. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उठला.

झेलिमच्या घरापर्यंतची चढण तिला वीस मिनिटांची. त्या दिवशी पाऊण तास लागला, कारण तिएरीचे चांगले बूट चिखलात रुतत होते आणि तो दर वळणाला थांबून श्वास घेत होता. तिला थांबणं सहन होत नव्हतं. ती पुढे जायची, परत यायची, परत पुढे. एका वळणावर त्यानं विचारलं, तुम्ही दर मंगळवारी आणि शुक्रवारी हे करता? ती म्हणाली, हे तर अर्धंच. आणि मग, चालता चालता, पाठमोरीच, तिनं त्याला गाठींचं सांगितलं. भावाचं सांगितलं. चिमट्यांचंसुद्धा सांगितलं. पाठमोरी होती म्हणून जमलं.

झेलिमनं दार उघडलं. कोण आलंय ते पाहिलं, मग पेटी पाहिली, दोन गाठी पाहिल्या. पेटी टेबलावर ठेवली, नखानं गाठी सोडवल्या, आधी एक, मग दुसरी, आणि सुतळी गुंडाळून बाजूला ठेवली. डोळ्याला भिंग लावलं. तिएरी त्याच्या खांद्यामागे उभा राहिला. एदमे चुलीशी गेली, चुलीचं दार उघडलं आणि खिशातली चिठ्ठी आत टाकली. तिएरीनं मान वळवून ते पाहिलं. आणि तो परत पेटीकडे वळला.

पहिली दोन घड्याळं झेलिमनं नुसती पाहून ठेवली. तिसरं त्यानं उजेडाकडे धरलं, आणि तिएरीला भिंग दिलं. स्प्रिंगचा बाहेरचा वेढा आतल्या वेढ्याला टेकत होता. केसभर. सध्या चालत होतं, पण थंडीत किंवा प्रवासात नक्की चिकटलं असतं. झेलिमनं चिमटा घेतला, श्वास रोखला, आणि कुठं काय केलं ते दिसायच्या आत वेढे सुटे झाले. सातव्यात तसंच होतं. दहाव्यात एक खडा जरा तिरका. एका पेटीत तीन. दोन तास गेले. एदमे त्या दोन तासांत खोलीत इतक्या वेळा फिरली की झेलिम मान वर न करता म्हणाला, पोरी, जमीन झिजेल, माझ्या बापानं घातलीय ती.

शेवटी तिएरीनं विचारलंच. आवाज त्यानं सौम्य ठेवला होता, पण विचारल्याशिवाय त्याला राहवेना.

"चूक कोणाची होती, मिस्यू पेरे?"

झेलिमनं पेटीवर झाकण ठेवलं, सुतळी घेतली, एक गाठ मारली.

"आता कोणाचीच नाही," तो म्हणाला.

तिएरी खिडकीशी गेला. तिथून सगळं खोरं दिसतं, घरांची छपरं, त्यांतून निघणारा धूर, आणि खाली, पेटीएवढी दिसणारी, मोंद्रोची चार मजली इमारत. मग त्यानं एदमेला विचारलं, हे मी कागदावर दाखवू कसं? काकांना काय सांगू?

"रेघेवर दोन दिवस लिहा," ती म्हणाली. "माझंच चुकलं होतं. मी त्याचं कारण चुकीचं सांगितलं."

त्यानं मोठ्या खोलीच्या कागदावर सही केली नाही. घरांची नावं शोधायचीही नाहीत असं त्यानं कबूल केलं, आणि आमच्या माहितीप्रमाणे तो शब्द पाळला. एप्रिलपासून पेट्या परत झेलिमकडे वळल्या. पांढऱ्या डगल्यांच्या मुलींपैकी एक दर बुधवारी त्याच्याकडे शिकायला येऊ लागली. चिमटेही परत टोपलीतून जाऊ लागले. घड्याळं परत येणं थांबलं, थांबलेली मागणी उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाली, आणि नाताळात बँडमध्ये कर्णे पुरे होते. म्हाताऱ्या मोंद्रोसाहेबांनी पुतण्याला विचारलं, काय केलंस? तो म्हणाला, देवाची कृपा.

पण एदमेला तरीही स्वस्थता नव्हती. आधीचं सगळं परत आलं, एक गोष्ट आली नाही. गाठींबद्दल कुणी कुणाला काही बोललं नाही, तरी जे कळायचं ते आळीत कळतंच. ज्या दिवशी तिएरी चिखलानं भरलेल्या बुटांनी खाली उतरला त्या दिवसापासून एकाही पेटीला दोन गाठी आल्या नाहीत. सगळ्यांची एक गाठ, घट्ट. लाज एकट्याची होती तोवर लोकांनी ती सुतळीत बांधली. सगळ्यांना कळलीय म्हटल्यावर ती कुणालाच बांधवेना. झेलिमला आता प्रत्येक पेटीतलं प्रत्येक घड्याळ सारख्याच काळजीनं पाहावं लागे, आणि तो बाहत्तर वर्षांचा होता. दोनाचे तीन दिवस झाले. कधी चार.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी ती नेलीच्या दाराशी गेली. नेली आता पुन्हा पाव देत होती, पण दारातच, कागदात गुंडाळून. पेटी तिनं खिडकीच्या फळीवर ठेवली होती. ती देताना तिचा हात फळीच्या कडेवरून चाचपत आला, कड सापडली तेव्हा थांबला. पेटीला एक गाठ होती.

"बरं आहे ना, नेली?"

"मला काय धाड भरलीय? जा, बीझ सुटलीय."

खरंच सुटली होती. एदमे वळणापर्यंत चालत गेली, जिथून नेलीची खिडकी दिसत नाही. मग तिचे पाय थांबले. तिनं हातमोजे काढून दातांत धरले, पेटी गुडघ्यावर ठेवली, आणि बोटं बधिर व्हायच्या आत सुतळीच्या टोकांना दुसरी गाठ मारली. ओढून पाहिली. मग पेटी टोपलीत सगळ्यात वर ठेवून ती झेलिमच्या चढणीला लागली.